प्रिंटर बिघडलेला नव्हता, घरात दोन नेटवर्क झाली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गावभागात राहते, घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. एका साध्या गोष्टीपायी आम्ही पाच वर्षं हैराण होतो आणि तशीच हैराण झालेली अजून तीन घरं मला आमच्याच बोळात सापडली, म्हणून हे पत्र लिहितेय. घरात दोन राउटर (वायफाय देणारे डबे) असले की बऱ्याचदा वरच्या मजल्यावरच्या मोबाईलला खालचा प्रिंटर दिसत नाही, खालच्या मोबाईलवरून वरच्या टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही. इंटरनेट मात्र दोन्हीकडं व्यवस्थित चालतं, त्यामुळं राउटरवर कुणाचा संशयच जात नाही आणि खापर फुटतं प्रिंटरवर.

दोन राउटर का लागले ते आधी सांगते, कारण ते आपल्या सांगलीचंच कारण आहे. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७.५ फुटांवर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे बघा. आमच्या सोप्यात छातीच्या वर पाणी. नेटचा डबा, इन्व्हर्टर, जुना प्रिंटर सगळं चिखलात गेलं. नंतर फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सरळ सांगितलं की डबा माडीवरच बसवायचा, खाली काही नको. ते बरोबरच होतं, २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा डबा वाचला. पण घर जुनं, खालच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद, माडीवरचं वायफाय खाली सोप्यात येईपर्यंत एक कांडी पण राहत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलीची सातवीची शाळा मोबाईलवर सुरू झाली, तिला अभ्यासाला खालचीच खोली, मग दुकानातून दुसरा राउटर आणला.

राउटर बसवायला पोरगं आलं, माडीवरून खाली लांब वायर सोडली, नव्या राउटरच्या मागं एक निळं भोक असतं त्यात खोचली, मोबाईलवर कायतरी केलं आणि वायफायचं नाव आणि पासवर्ड वरच्या डब्याचेच ठेवले. म्हणाला, काकू, एकच नाव ठेवलंय, घरात कुठंही फिरा, आपोआप पकडतंय. दहा मिनिटांत काम झालं, खाली कांड्या फुल्ल आल्या, आम्ही खूश. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला जेवढं शिकवलं तेवढं त्यानं केलं, दिवसाला दहा घरं करायची म्हटल्यावर नेट चालू झालं का बघायचं आणि पुढं जायचं.

त्यानंतर वायफायचा प्रिंटर घेतला. खालच्या कॉम्प्युटरवरून झकास चालायचा. माडीवरून मुलीनं मोबाईलवरून प्रिंट द्यायला घेतली की "प्रिंटर सापडला नाही". तीच खाली आली की कधी सापडायचा, कधी नाही. आम्ही मग सवयच लावून घेतली, फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची, मी खालच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडून प्रिंट काढायची. अशी पाच वर्षं गेली. मधे २०२१ च्या पुरात प्रिंटर उचलून माडीवर नेला होता तेव्हा आठ-दहा दिवस सगळ्यांच्या मोबाईलवरून प्रिंट निघत होती, आम्हाला वाटलं जवळ आहे म्हणून निघतीये. खरं उत्तर तेव्हाच समोर होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा जूनमध्ये ऐन ॲडमिशनच्या गर्दीत खालचा कॉम्प्युटर बंद पडला. दारात पोरं रांगेत, कुणाला प्रवेशाचा अर्ज, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला सातबारा, आणि प्रिंटर समोर असून मोबाईलला दिसेना. प्रिंटरवाल्याला बोलावलं, त्यानं पाचशे रुपये घेतले, हेड साफ केलं, रिसेट मारला, आणि शेवटी म्हणाला वायफायचं कार्ड गेलंय, नवीन घ्या. कार्ड गेलं असतं तर कधीच चालला नसता ना, कधी चालतो कधी नाही असं कसं होईल, हे माझ्या मनातून जाईना.

प्रिंटरवर वायफायच्या खुणेचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की एक कागद बाहेर येतो, त्यावर प्रिंटरचा नंबर छापलेला असतो, आयपी ॲड्रेस म्हणतात तो. आमच्या कागदावर होतं १९२.१६८.०.१०५. मोबाईलमध्ये वायफायच्या नावावर दाबून धरलं की मोबाईलचाही नंबर दिसतो. माडीवर मोबाईलचा नंबर होता १९२.१६८.१.१४. एकाचा तिसरा आकडा शून्य, एकाचा एक. आधी मला वाटलं असेल काहीतरी. मग मी कागद हातात घेऊन जिन्यात उभी राहिले. एकेक पायरी उतरायची, वायफाय बंद करून चालू करायचं (नुसतं चालत गेलं तर मोबाईल जुनंच वायफाय धरून बसतो, सोडत नाही), आणि नंबर बघायचा. वरून सातव्या पायरीपर्यंत १९२.१६८.१.१४, आणि आठव्या पायरीवर १९२.१६८.०.१०३. वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच, कांड्या तेवढ्याच, पण आठव्या पायरीवर मोबाईल दुसऱ्याच नेटवर्कमध्ये गेला. मी तिथंच जिन्यात बसले आणि मुलीला हाक मारली.

(हे नंबर पत्रात लिहिलेत म्हणून कुणी काळजी करू नका, १९२.१६८ नं सुरू होणारे नंबर १९९६ पासूनच्या नियमानं घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापराला राखीव ठेवलेत, लाखो घरांत हेच आकडे असतात, बाहेरून त्यावर कुणाला पोचता येत नाही.)

मुलगी आता बारावीला आहे, तिनं वाचून आणि मी बघून जे समजलं ते सांगते. पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर नंबर. आमच्या घरात दोन गल्ल्या झाल्या होत्या. माडीवरच्या डब्याची एक, आणि खालच्या राउटरनं स्वतःची वेगळी काढलेली दुसरी. निळ्या भोकात वायर लावली की राउटर समजतो वायरच्या त्या बाजूला सगळं बाहेरचं जग आहे आणि माझ्या बाजूला माझं घर, मग तो मधे दार लावतो. आता प्रिंटर कसा सापडतो, तर मोबाईल हाक मारतो, इथं कुणी प्रिंटर आहे का, आणि प्रिंटर ओ देतो. हाक मारायला ठरलेले पत्ते असतात, प्रिंटर आणि मोबाईलवरून टीव्हीवर टाकायच्या सोयीसाठी बहुतेक २२४.०.०.२५१ आणि बऱ्याच टीव्ही-म्युझिक सिस्टिमसाठी २३९.२५५.२५५.२५०. ही हाक त्या गल्लीपुरतीच असते, घरातला साधा राउटर ती दाराबाहेर जाऊ देत नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारली तर चारी सोप्यांत ऐकू जाते, पण मधल्या दाराला कडी असली की मागच्या परसातल्याला काय कळणार, तसंच हे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलीच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग नावाची आज्ञा देता येते, समोरच्या नंबरला टकटक केल्यासारखं असतं ते. लॅपटॉप खालच्या वायफायवर ठेवून माडीवरच्या टीव्हीच्या नंबरला पिंग केलं तर उत्तर आलं, चारही वेळा. तोच लॅपटॉप माडीवर नेऊन खालच्या प्रिंटरच्या नंबरला पिंग केलं तर एकही उत्तर नाही. म्हणजे दार एका बाजूनंच उघडतं, खालून वर जाता येतं, वरून खाली येता येत नाही. आणि खालून वर पिंग पोचत असूनही खालच्या मोबाईलवर टीव्ही दिसत नाही, कारण पत्ता माहीत असला तर जाता येतं पण हाक काही पोचत नाही. हे एवढं कळलं की सगळा गोंधळ सुटतो. नाहीतर माणूस म्हणतो खालून जातंय म्हणजे वायर बरोबर आहे, राउटर बरोबर आहे, मग प्रिंटरच खराब.

अजून एका गोष्टीनं आम्हाला फसवलं. दारावर कॅमेरा आहे, तो खालच्या राउटरवर, आणि माडीवर बसून अण्णांना मोबाईलवर तो नेहमी दिसायचा. आम्ही म्हणायचो, कॅमेरा दिसतोय ना, मग खालवर जोडलेलंच आहे. पण कॅमेऱ्याचं चित्र आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून मोबाईलवर येतं, पुण्याला गेलं तरी दिसतं, घरातल्या घरात जोडलं असल्याचा तो पुरावाच नाही.

आणि ते एकच नाव. एक नेटवर्क असेल तर सगळीकडं एकच नाव ठेवणं बरोबरच आहे, सोयीचं आहे. पण आत नेटवर्क दोन आणि बाहेर नाव एक, यामुळं आम्ही कुठं जोडलोय हेच कधी कळलं नाही. खालच्याचं नाव वेगळं असतं तर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं की या नावावर प्रिंटर निघतो आणि त्या नावावर नाही. ज्यांच्या घरी असा त्रास आहे त्यांनी पहिलं काम हे करा, दुसऱ्या राउटरचं नाव चार दिवस बदलून ठेवा, बाकी काही न करता उलगडा होतो.

दुरुस्तीला नवीन काहीही विकत घ्यावं लागलं नाही. पुष्कळ राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असतो, तो निवडून सेव्ह केलं की राउटर स्वतःची गल्ली काढायचं बंद करतो, फक्त वरच्याचं वायफाय खाली पसरवतो. आमच्या राउटरमध्ये तो पर्याय नव्हता म्हणून हातानं करावं लागलं. त्यात पहिल्यांदा आमची चूक झाली ती सांगते म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. आम्ही आधी वायर निळ्या भोकातून काढून शेजारच्या पिवळ्या भोकात लावली आणि सेटिंग नंतर करू म्हटलं. दहा मिनिटांत माडीवरचे पण मोबाईल "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" दाखवायला लागले. कारण नंबर वाटायचं काम, डीएचसीपी म्हणतात त्याला, दोघंही करायला लागले, आणि ज्याला खालच्यानं नंबर दिला त्याचं नेट गेलं. संध्याकाळी यांची ऑफिसची मीटिंग, मुलीचा क्लास, सगळं अडलं.

म्हणून क्रम असा. माडीवरून आलेली वायर आधी पूर्ण काढून ठेवायची. लॅपटॉप छोट्या वायरनं खालच्या राउटरच्या पिवळ्या भोकाला जोडायचा, राउटरच्या सेटिंगमध्ये जायचं, त्याचा स्वतःचा नंबर वरच्या गल्लीतला द्यायचा पण वरचा डबा वाटतो त्यातला नको. आमचा वरचा डबा शेवटचा आकडा २ ते २०० असलेले नंबर वाटत होता म्हणून खालच्याला १९२.१६८.१.२५० दिला. मग डीएचसीपी बंद करायचं, सेव्ह करायचं, आणि त्यानंतरच माडीवरची वायर पिवळ्या भोकात लावायची, निळं भोक मोकळं सोडायचं. शेवटी प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, मोबाईल सगळे एकदा बंद करून चालू करायचे म्हणजे नवीन नंबर घेतात. प्रिंटरला वरच्या डब्यात एक नंबर कायमचा राखून ठेवलाय म्हणजे लाईट जाऊन आली तरी तो बदलत नाही. वायफायचे चॅनल (लहरींचे पट्टे) पण वेगळे ठेवलेत, २.४ गिगाहर्ट्झच्या बँडला वरचा १ आणि खालचा ६, जवळजवळ आहेत म्हणून एकमेकांत मिसळायला नकोत.

झाल्यावर मुलगी माडीवर गेली, अण्णा खाली प्रिंटरजवळ खुर्चीत बसलेले. पाचच मिनिटांत प्रिंटरनं कागद ओढल्याचा आवाज आला आणि अण्णा जिन्याकडं तोंड करून ओरडले, आलं गं, आलं! तिनं हॉलतिकीटची प्रिंट दिली होती. ती प्रिंट अण्णांनी घडी घालून खिशात ठेवली, तिला परत दुसरी काढावी लागली.

हे बोळात कळल्यावर शेजारचे लोक बोलवायला लागले. एका घरी दुसरा राउटर नव्हताच, पण पाहुण्यांसाठी म्हणून गेस्ट वायफाय चालू केलं होतं आणि टीव्ही त्यावर जोडला होता. गेस्ट वायफाय मुद्दामच एकाला दुसरा दिसू देत नाही, ते त्याचं कामच आहे, टीव्ही मुख्य वायफायवर घेतला की झालं. दुसऱ्या एका काकूंकडं मुलानं पुण्याहून तीन डब्यांचा मेश संच (तिन्ही डबे मिळून घरभर एकच वायफाय देतात तो) पाठवलाय, चांगला आहे, पण कंपनीच्या मूळ डब्याचं वायफायही चालूच होतं आणि प्रिंटर अजून त्या जुन्या वायफायवर, बाकी घर मेशवर. तिथं मूळ डब्याचं वायफाय बंद केलं आणि प्रिंटर मेशवर घेतला. तिसऱ्या घरी सगळं एकाच नेटवर्कवर होतं, फक्त विंडोजच्या लॅपटॉपवर त्या वायफायला "पब्लिक" असं ठरवलेलं, ते "प्रायव्हेट" केल्यावर सामायिक फोल्डर दिसायला लागलं. तिथं आधी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की एक २.४ वर आहे आणि एक ५ वर आहे म्हणून दिसत नाही. एकाच डब्याचे ते दोन्ही बँड साधारणपणे एकाच गल्लीत असतात, त्यानं अडत नाही. मोबाईलवर व्हीपीएन (मोबाईलचं नेट बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) चालू असेल तर मात्र बंद करून बघा.

दोन नेटवर्क असणं नेहमीच चूक असं माझं म्हणणं नाही. दुकानात येणाऱ्यांना मी गेस्ट वायफाय देते आणि ते घरच्या वायफायपासून वेगळंच पाहिजे, माझे प्रिंटर आणि फाईली त्यांना दिसायला नकोत. पण ते मी ठरवून केलंय. न सांगता, न विचारता घराचे दोन तुकडे होऊ नयेत एवढंच.

संपादक साहेब, माझी मागणी दोन-तीनच गोष्टींची आहे. राउटर विकणाऱ्या दुकानदारांनी आणि बसवणाऱ्या मुलांनी विचारावं की खालवर एकच नेटवर्क पाहिजे का वेगळं, आणि जाताना मोबाईलवर नेट बघतात तसं वरून खाली एक प्रिंट देऊन किंवा टीव्हीवर एक व्हिडिओ टाकून बघावं, दोन मिनिटं जास्त लागतील. आणि ॲडमिनचा पासवर्ड गिऱ्हाइकाला लिहून द्यावा. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरायचा वेगळा, दुसरा कुणीच सांगत नाही. आमच्या खालच्या राउटरचा तर कुणालाच माहीत नव्हता, टाचणीनं मागचं रिसेट दाबून सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि वरच्या डब्याचा मिळवायला कंपनीला चार फोन करावे लागले, पैसे महिन्याच्या महिन्याला आम्ही भरतो आणि किल्ली आमच्याकडं नाही. आपल्या पेपरनं ॲडमिशनच्या दिवसांत अशा घरगुती अडचणींवर अर्धा कॉलम दिला तर पुष्कळ घरांचा नवीन प्रिंटरचा खर्च वाचेल.

आणि नदीकाठच्या लोकांना एक सांगायचंय. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आपण पहिलं सामान उचलून वर नेतो, त्यात खालचा राउटरही जातो. पाणी ओसरल्यावर घाईत परत जोडताना वायर परत निळ्या भोकात जाणार, कारण ते वेगळं दिसतं आणि वायर त्यातच लावायची असं वाटतं. राउटर कधी रिसेट झाला असेल तर परत तेच पहिल्यापासून. आम्ही त्या निळ्या भोकावर लाल चिकटपट्टी लावलीये, आणि राउटरच्या पोटाला एक कागद चिकटवलाय, त्यावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय: वायर पिवळ्यात, नंबर १९२.१६८.१.२५०, डीएचसीपी बंद. खाली अण्णांनी पेनानं वायर कुठून येते त्याचा बाण काढलाय.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली